ऐकणाऱ्या बाई : डॉ. फ्रीडा फ्रॉम-राइशमन

आमच्या कल्याण-डोंबिवलीकडे ठाणे या नावाला दोन अर्थ आहेत. पहिला सर्वांना ठाऊक आहे. जिल्ह्याचे ठिकाण, तलावांचे शहर, १८५३ साली बोरीबंदरहून निघालेली पहिली आगगाडी जिथे येऊन थांबली ते स्टेशन. दुसरा अर्थ भूगोलाच्या पुस्तकात नाही. वर्गात कोणी जरा वेगळे बोलला, एकटाच हसला, की मागच्या बाकावरून हळूच सूचना येते, याला ठाण्याला न्यायला हवा. सगळा वर्ग हसतो. पुण्याकडे हाच मान येरवड्याला मिळतो. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ साली सुरू झाले. म्हणजे हा विनोद शंभर वर्षांहून जुना असणार, आणि तरी तो शिळा होत नाही.

मीही हसत असे. वर्गात हसायचे आणि घरी गेल्यावर गप्प बसायचे. कारण आमच्या घरात नानाकाका आहे.

नानाकाका बाबांचा धाकटा भाऊ. एकविसाव्या वर्षी बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करताना तो सांगू लागला, की शेजारच्या बिऱ्हाडातली माणसे भिंतीपलीकडून आपल्याविषयी बोलतात. शेजारचे बिऱ्हाड तेव्हा सुट्टीसाठी गावी गेलेले होते. पुढे रेडिओवरच्या बातम्याही त्याच्याविषयीच असू लागल्या. उपासतापास झाले, अंगारे झाले, शेवटी डॉक्टर झाले. आज तो अठ्ठावन्न वर्षांचा आहे. गोळ्या नियमित घेतो, सकाळी दूध आणतो, गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालतो. आवाज पूर्ण गेलेले नाहीत, पण भिंतीपलीकडची माणसे आता पूर्वीइतकी भांडकुदळ राहिलेली नाहीत, असे तो स्वतःच सांगतो.

द्वितीय वर्षाला मी मानसशास्त्र घेतले, तेव्हा घरात सर्वांत जास्त उत्सुकता आजीला. एका दुपारी तांदूळ निवडता निवडता तिने मला विचारले, की तुमच्या त्या पुस्तकात आयांविषयी काय लिहिले आहे? प्रश्नाचा रोख मला कळेना. मग हळूहळू उलगडा झाला. नानाकाका आजारी पडला त्या काळात कोणा जाणत्या माणसाने तिला सांगितले होते, की अशी मुले आईमुळे अशी होतात. आई फार कडक असली तरी होतात आणि फार मायाळू असली तरी होतात. आजी दोन्ही होती. तेव्हापासून जवळजवळ चार दशके ती हे वाक्य पदराच्या गाठीला बांधून फिरत होती.

हे वाक्य आले कुठून, हे शोधायला मी ग्रंथालयात गेले आणि एका विलक्षण बाईंच्या पायाशी येऊन पोहोचले. गंमत अशी, की त्या बाईंविषयी मी आधीच थोडे वाचले होते आणि त्या मला फार आवडू लागल्या होत्या. छिन्नमनस्क माणसाशी बोलता येते, त्याचे ऐकता येते, आणि हे बोलणे-ऐकणे हाच त्याच्यावरचा उपचार होऊ शकतो, असे मानून ज्यांनी सगळे आयुष्य त्यात घातले, त्या डॉ. फ्रीडा फ्रॉम-राइशमन. माझ्या आजीच्या पदराची ती गाठही मुळात त्यांनीच मारलेली. मानसशास्त्राच्या अभ्यासकांना हे नाव सुपरिचित आहे. इतरांसाठी, आणि थोडेसे आजीसाठी, त्यांचे चरित्र येथे सांगते.

*

फ्रीडा राइशमन यांचा जन्म २३ ऑक्टोबर १८८९ रोजी जर्मनीतल्या कार्ल्सरूह या गावी एका सनातनी ज्यू घराण्यात झाला. तीन बहिणींत त्या थोरल्या. बालपण पूर्व प्रशियातल्या कोनिग्झबर्ग शहरात गेले. हे शहर आज रशियात आहे आणि त्याचे नाव कालिनिनग्राड. घरात मुलगा नव्हता, म्हणून की काय, वडिलांनी थोरलीला शिकवायचे ठरवले. आई शिक्षिका होती. मुलींना विद्यापीठात जाता यावे म्हणून तयारीचे वर्ग तिने घरीच चालवले. प्रशियातल्या विद्यापीठांनी मुलींना रीतसर प्रवेश द्यायला सुरुवात केली ती १९०८ साली, आणि फ्रीडाबाई त्या पहिल्या काही विद्यार्थिनींतल्या. येथे मला आपल्या कल्याणची आठवण झाल्यावाचून राहिली नाही. कल्याणात जन्मलेल्या आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाहून डॉक्टर झाल्या त्या १८८६ साली, म्हणजे फ्रीडाबाईंच्या जन्माच्याही तीन वर्षे आधी!

त्यांनी वैद्यकीचा प्रबंध लिहिला तोच मुळी या आजारावर. छिन्नमनस्क रुग्णांच्या डोळ्यांच्या बाहुल्यांत होणारे बदल हा त्याचा विषय. आजाराचे स्किझोफ्रेनिया हे नावही तेव्हा नवे कोरे होते. स्विस डॉक्टर ऑयगेन ब्लॉयलर यांनी ते १९०८ साली सुचवले. विचार, भावना आणि कृती यांची एकमेकांशी असलेली सांगड सुटते, एवढाच त्याचा अर्थ. एका देहात दोन माणसे, हा सिनेमावाल्यांचा अर्थ साफ चुकीचा आहे, पण तोच अजून लोकांच्या डोक्यात बसलेला आहे.

पुढे पहिले महायुद्ध आले. डोक्याला गोळी लागलेले, मेंदूला इजा झालेले सैनिक शेकड्यांनी येऊ लागले. मज्जाविकारतज्ज्ञ कुर्ट गोल्डस्टाइन यांच्या हाताखाली फ्रीडाबाईंनी या सैनिकांसाठी काम केले. कोनिग्झबर्गच्या लष्करी विभागाचा कारभार प्रत्यक्षात त्याच पाहत, पण बाई असल्यामुळे प्रमुखपद नावाने त्यांना मिळणे शक्य नव्हते. त्या सैनिकांना साधे शब्द आठवत नसत, साधे काम जमत नसे. जमले नाही की ते एकदम भयभीत होत, चिडत, कोसळत. बाईंनी त्यातून एक गोष्ट उचलली. बाहेरून जे वेडेपण दिसते, ते पुष्कळदा आतल्या भयाला दिलेले उत्तर असते. माणूस घाबरलेला असेल तर त्याला घाई करू नये.

युद्धानंतर ड्रेस्डेनजवळच्या एका आरोग्यधामात काही वर्षे त्यांनी काम केले आणि मनोविश्लेषणाचे शिक्षण घेतले. १९२४ साली हायडेलबर्गला स्वतःचे छोटे रुग्णालय काढले. तेथे मनोविश्लेषणही चाले आणि ज्यू धर्माचे सोवळेओवळेही पाळले जाई. या रुग्णालयाशी एक तरुण जोडला गेला. बाईंहून तो दहा वर्षांनी लहान, आणि प्रथम त्यांचाच रुग्ण. त्याचे नाव एरिक फ्रॉम. प्रेमाच्या कलेवरचे त्यांचे १९५६ सालचे छोटे पुस्तक आपल्यापैकी अनेकांनी वाचले असेल. दोघांनी १९२६ साली लग्न केले. आजच्या नियमांप्रमाणे डॉक्टरने आपल्या रुग्णाशी लग्न करणे ही मोठीच चूक ठरेल, आणि ती चूक होती हेही येथे लिहिले पाहिजे. याच सुमारास दोघांनी धर्माचे निर्बंधही सोडले. वल्हांडणाच्या सणात निषिद्ध असलेला फुगवलेला पाव त्यांनी एका बागेत बसून खाल्ला, आणि आभाळ कोसळले नाही. संसार मात्र फार टिकला नाही. चार-पाच वर्षांत दोघे वेगळे झाले, घटस्फोट १९४२ साली झाला. मैत्री राहिली. मूलबाळ नव्हते.

१९३३ साली हिटलर सत्तेवर आला. ज्यू डॉक्टरला जर्मनीत काय भविष्य आहे, हे बाईंनी वेळीच ओळखले. आधी त्या सीमेपलीकडे फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला गेल्या, तेथून पॅलेस्टाइनला, आणि १९३५ साली अमेरिकेत. वय पंचेचाळीस, भाषा परकी, हाती काही नाही. वॉशिंग्टनजवळच्या रॉकव्हिल गावी चेस्टनट लॉज नावाचे एक खाजगी मनोरुग्णालय होते. इमारत पूर्वी हॉटेलची. तेथे उन्हाळ्यापुरते दोन महिन्यांचे काम मिळाले. त्या दोन महिन्यांची बावीस वर्षे झाली. रुग्णालयाचे प्रमुख डॉ. डेक्स्टर बुलार्ड यांनी आवारातच त्यांच्यासाठी एक टुमदार घर बांधून दिले. त्याच घरात त्या राहिल्या, तेथेच रुग्णांना भेटल्या, आणि तेथेच वारल्या.

*

बाईंनी तेथे केले ते काय, हे समजायला त्या काळी इतरत्र काय चालले होते ते पाहावे लागते. १९३३ पासून छिन्नमनस्क रुग्णाला इन्शुलिन टोचून बेशुद्ध करण्याचा उपचार सुरू झाला होता. १९३८ मध्ये विजेचे झटके आले. १९३५ मध्ये पोर्तुगालचे एगास मोनिझ यांनी मेंदूचे काही धागे कापण्याची शस्त्रक्रिया केली आणि १९४९ साली त्यांना त्यासाठी नोबेल पारितोषिकही मिळाले. मनोविश्लेषणाचे जनक खुद्द फ्रॉइड यांचे मत असे होते, की हे रुग्ण आतल्या आत इतके मिटलेले असतात, की डॉक्टरशी त्यांचे नातेच जुळत नाही, म्हणून त्यांच्यावर मनोविश्लेषणाचा उपयोग नाही. थोडक्यात, एक पक्ष म्हणे कापा आणि दुसरा म्हणे सोडा.

बाईंनी तिसरी वाट धरली. नाते जुळते, फक्त ते जुळायला फार वेळ लागतो, असे त्यांना दिसले. फ्रॉइड यांचा कोच त्यांनी बाजूला ठेवला. रुग्णाला बसायचे तर बसू दे, फिरायचे तर फिरू दे, खोलीतून बाहेर यायचे नसेल तर आपण त्याच्या खोलीत जावे. आठवड्यातून चार-पाच दिवस, ठरलेल्या वेळी, एक तास. तो बोलला नाही तरी तास पुरा करायचा. कळले नाही तर कळल्याचा आव आणायचा नाही. आपण चुकलो तर चुकलो म्हणायचे. खोटा दिलासा द्यायचा नाही, कारण ज्याला जग फसवे वाटते त्याला आणखी एक फसवणूक नको असते. त्याच्या भासांवर वाद घालायचा नाही, पण आपल्याला ते आवाज ऐकू येत नाहीत, हेही लपवायचे नाही. ती लक्षणे कधीकाळी त्याच्या भयावरचा आडोसा असतात. ती हिसकावून घ्यायची नाहीत. त्याला त्यांची गरज उरणार नाही असे करायचे. या पद्धतीचे सविस्तर विवेचन त्यांनी १९५० साली आपल्या ग्रंथात केले. हॅरी स्टॅक सलिव्हन हे त्यांचे सहकारी आणि मित्र. छिन्नमनस्क माणूस हा इतर सर्व गोष्टींच्या आधी माणूसच असतो, या विचारात दोघे एकमेकांचे सोबती होते.

त्यांच्या अनुभवातली एक गोष्ट मला विसरता येत नाही. एक तरुण मुलगी पूर्ण मूक झाली होती. हलत नसे, बोलत नसे, कोणाला जवळ येऊ देत नसे. बाईंनी तिला एकच विचारले, की तू किती एकटी आहेस? मुलीने हात वर केला. चार बोटे तळव्याकडे मिटलेली आणि अंगठा तेवढा ताठ, बोटांपासून वेगळा. बाईंनी हळूच तिला तेच परत विचारले, इतकी एकटी का? मुलीचा चेहरा सैलावला, तिची मिटलेली बोटे उघडली. त्यानंतर ती आधी बोटांनी, मग शब्दांनी बोलू लागली. माझ्या मते सबंध चरित्राचे सार या एका अंगठ्यात आहे. बाईंनी तिला काही समजावले नाही, काही पटवले नाही. तिने जे सांगितले ते आपल्याला पोहोचले, एवढेच तिला कळू दिले.

१९४८ साली सोळा वर्षांची एक मुलगी चेस्टनट लॉजमध्ये दाखल झाली. तिने मनातल्या मनात एक राज्यच उभारले होते. त्याचे देव वेगळे, भाषा वेगळी, शिक्षा वेगळ्या. बाईंनी ती भाषा समजून घेतली आणि कित्येक वर्षे तिच्याबरोबर ये-जा केली. या जगात आलीस तर सुख मिळेल असे वचन त्यांनी तिला कधी दिले नाही. येथेही अन्याय आहे, दुःख आहे, पण त्याच्याशी झगडण्याची मोकळीक आहे, इतकेच त्यांचे सांगणे. ती मुलगी बरी झाली, महाविद्यालयात गेली, लेखिका झाली. तिचे नाव जोॲन ग्रीनबर्ग. १९६४ साली टोपणनावाने तिने आपली कहाणी कादंबरी म्हणून प्रसिद्ध केली. कादंबरी जगभर वाचली गेली आणि १९७७ साली तिच्यावर चित्रपटही निघाला. या मुलीचा आजार छिन्नमनस्कताच होता का, याविषयी काही मनोविकारतज्ज्ञांनी पुढे शंका घेतली आहे. शंका बरोबर असेलही. पण एका भयंकर आजारी मुलीशी कोणीतरी बोलत राहिले आणि ती परत आली, हे त्या शंकेने बदलत नाही.

*

आता आजीच्या गाठीकडे वळते.

१९४८ सालच्या एका लेखात फ्रीडाबाईंनी एक शब्द वापरला. त्याचा अर्थ, मुलात छिन्नमनस्कता निर्माण करणारी आई. त्यांच्या रुग्णांच्या बोलण्यात आई वारंवार येई, आणि चांगली येत नसे. त्यावरून त्यांनी हा निष्कर्ष काढला. शब्द त्यांच्या लेखातून पाठ्यपुस्तकांत गेला, पाठ्यपुस्तकांतून डॉक्टरांच्या तोंडी, आणि तेथून सातासमुद्रापार आमच्या डोंबिवलीच्या चाळीत. ज्या आयांची पोरे आधीच हरवली होती, त्यांच्या माथी पोर हरवल्याचा आळही आला. दोन पिढ्या आया हा आळ घेऊन जगल्या.

पुढच्या संशोधनाने या कल्पनेला आधार दिला नाही. आजारात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, मेंदूच्या वाढीचा आहे, जन्माच्या आसपासच्या काही घटनांचा आहे, पुढल्या आयुष्यातल्या ताणाचाही आहे. आईच्या स्वभावाने हा आजार होतो, असे कोठेही सिद्ध झालेले नाही. घरातल्या वातावरणाचा परिणाम होतो तो आजार उलटण्यावर. घरात सतत टीका, चिडचिड, टोमणे असतील तर बरा झालेला रुग्ण पुन्हा आजारी पडण्याचा धोका वाढतो. हे लंडनमधल्या संशोधकांनी प्रथम दाखवले. १९८७ साली चंडीगडच्या अभ्यासातही ते तपासले गेले. त्यात भारतीय कुटुंबांत अशी टीका लंडनपेक्षा कमी आढळली. तेव्हा घरच्यांना दोष देण्याऐवजी घरच्यांना हाताशी धरावे, हा आजचा विचार आहे.

ज्या बाईंनी मुक्या मुलीच्या अंगठ्याचे बोलणे ऐकले, त्यांना त्या मुलीच्या दाराबाहेर बसलेल्या आईचे मौन ऐकू आले नाही. मला याचे फार दिवस वाईट वाटत होते. एका बाजूचे इतके मन लावून ऐकले, की दुसरी बाजू आरोपीच्या पिंजऱ्यात गेली. ऐकणाऱ्या प्रत्येकाने ही धास्ती बाळगावी, असे मला वाटते. आपण मानसशास्त्राचे विद्यार्थी तर विशेषच.

दुसरी मर्यादा औषधांची. क्लोरप्रोमाझिन हे पहिले परिणामकारक औषध १९५२ साली पॅरिसमध्ये वापरले गेले आणि १९५४ पासून अमेरिकेत आले. बाईंचे शेवटचे दिवस आणि औषधांचे पहिले दिवस एकच. चेस्टनट लॉज मात्र बाईंच्या मागेही कित्येक वर्षे केवळ बोलण्यावर विसंबून राहिले. १९६८ साली कॅलिफोर्नियातल्या एका मोठ्या तुलनेत औषधाचा गुण नुसत्या मानसोपचाराहून स्पष्टपणे अधिक दिसला. १९८४ साली चेस्टनट लॉजनेच आपल्या जुन्या रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. तेथून बाहेर पडून सरासरी पंधरा वर्षे झालेल्या छिन्नमनस्क रुग्णांपैकी सुमारे दोनतृतीयांश जणांचे कसेबसेच चालले होते. आकडा निर्दय आहे. तो वाचला तेव्हा ग्रंथालयातला पंखा एकदम फार आवाज करू लागला, असे मला वाटले.

मग बाईंचे सगळे फुकट गेले का? नाही. त्यांच्या उपचाराचे जुने रूप गेले, पण त्याचा गाभा वेगळ्या वाटेने परत आला. १९५२ साली आरॉन बेक या तरुण डॉक्टरने भ्रमाने पछाडलेल्या एका रुग्णाशी त्याच्या भ्रमाविषयीच शांतपणे बोलून त्यातून त्याला बाहेर काढल्याची हकीकत प्रसिद्ध केली. १९९० नंतर इंग्लंडात या बोलण्याला शिस्तशीर रूप आले. यात बालपण उकरत नाहीत. आवाज केव्हा येतो, काय म्हणतो, तो आल्यावर तुम्ही काय करता, तो सांगतो ते खरे मानायला पुरावा काय, दुसरे काही कारण संभवते का, असे एकेक करून दोघे मिळून पाहतात. आवाज गेला नाही तरी त्याची सत्ता कमी होते. औषधांच्या जोडीने हा उपचार आणि घरच्यांना सोबत घेऊन करायचे काम रुग्णाला मिळावे, असे इंग्लंडच्या आरोग्यसेवेची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. याचा गुण जादूसारखा नाही, बेताचा आहे. पण गोळीने आवाज कमी झाला तरी मित्र परत येत नाहीत, नोकरी परत येत नाही, सकाळी उठावेसे वाटत नाही. तेथे माणूसच लागतो.

आपल्याकडे अडचण वेगळी आहे. चेस्टनट लॉज श्रीमंतांचे होते. एका रुग्णासाठी आठवड्याला पाच तास देणारे डॉक्टर आपण आणायचे कुठून? आपल्या देशात एक लाख लोकांमागे एक मनोविकारतज्ज्ञही पुरता वाट्याला येत नाही. तरी काही चांगले घडले आहे. ठाण्यात १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मानसिक आरोग्यासाठी आय.पी.एच. ही संस्था उभी केली. त्यामुळे ठाणे या शब्दाला आमच्याकडे तिसरा अर्थही आला आहे, फक्त तो मागच्या बाकापर्यंत अजून पोहोचलेला नाही. कॅनडात संख्याशास्त्र शिकवणारे आपले डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पत्नीला हाच आजार होता. त्या अनुभवातून त्यांनी १९९७ साली पुण्यात रुग्ण आणि कुटुंबीय यांच्यासाठी सा, म्हणजे स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन, ही संस्था स्थापली. २००४ सालचा 'देवराई' हा चित्रपटही त्यांच्याच पुढाकाराने झाला. आमच्या घरात तो सर्वांनी एकत्र पाहिला, नानाकाकासकट. संपल्यावर कोणी काही बोलले नाही, पण त्या रात्री जेवताना नानाकाकाने दुसऱ्यांदा आमटी मागून घेतली. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला साखळीने बांधण्यास आणि भूल न देता विजेचे झटके देण्यास बंदी केली. कायद्याला हे लिहावे लागले, यावरून ओळखावे.

*

फ्रीडाबाईंच्या आयुष्याचा शेवट सांगायचा राहिला. त्यांच्या आईवडिलांना उतारवयात कमी ऐकू येई, आणि तोच वारसा त्यांच्याकडे आला. जिने जन्मभर ऐकण्याचा धंदा केला, तिचेच कान हळूहळू जाऊ लागले! १९५५-५६ हे वर्ष त्यांनी कॅलिफोर्नियातल्या एका अभ्यासकेंद्रात काढले. त्या अखेरच्या काळात त्या एकाकीपणावर लिहीत होत्या. एकांत वेगळा आणि एकाकीपण वेगळे. खरे एकाकीपण इतके भयानक असते, की ते भोगून आलेला माणूसही त्याविषयी बोलू धजत नाही, आणि डॉक्टरही त्याची विचारपूस टाळतात, असे त्यांना त्यात मांडायचे होते. तो लेख त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झाला नाही. २८ एप्रिल १९५७ रोजी चेस्टनट लॉजच्या आवारातल्या त्या घरात हृदयविकाराने त्यांचा मृत्यू झाला. त्या वेळी त्या घरात एकट्या होत्या. वय सदुसष्ट. लेख १९५९ साली छापला गेला. चेस्टनट लॉज २००१ मध्ये बंद पडले, २००९ मध्ये मुख्य इमारत आगीत गेली. बाईंचे छोटे घर मात्र जतन केलेले आहे.

हे सारे चरित्र मी दिवाळीच्या सुट्टीत आजीला सांगितले. आधी तिचा निकाल सांगितला. त्या शब्दाची चूक, पुढचे संशोधन, आईचा दोष नाही, हे सगळे. तिला दोन वेळा सांगावे लागले. दुसऱ्यांदा ऐकल्यावर तिने माळ बाजूला ठेवली आणि बराच वेळ खिडकीतून बाहेर पाहत राहिली. मला वाटले, आता ती त्या बाईंना चार शब्द सुनावणार. तिने विचारले ते वेगळेच. कान गेल्यावर त्या बाईंचे कोण ऐकत होते, असे तिने विचारले. मला उत्तर देता आले नाही.

तेव्हापासून मी एक ठरवले आहे. संध्याकाळी सात वाजता अर्धा तास नानाकाकाजवळ गॅलरीत बसायचे. हा उपचार नव्हे. उपचार डॉक्टर करतात आणि गोळ्या तो वेळेवर घेतो. मी फक्त बसते. पहिले दहा दिवस तो काही बोलला नाही. कुंड्यांतली वाळलेली पाने काढत राहिला. अकराव्या दिवशी मध्य रेल्वेने नेहमीचा घोटाळा केला आणि कळव्याच्या अलीकडे गाडी पाऊण तास उभी राहिली. मी घरी पोहोचले तेव्हा आठ वाजून गेले होते. नानाकाका गॅलरीत उभा होता. माझ्याकडे न पाहता त्याने विचारले, आज उशीर का झाला?

इतक्या वर्षांत त्याने मला स्वतःहून विचारलेला तो पहिला प्रश्न. मी त्याला गाडीची सबंध हकीकत सांगितली, अगदी स्टेशनवार. त्याने ती शेवटपर्यंत ऐकली.

(तृतीय वर्ष कला, मानसशास्त्र)